प्रवेश किती झाले, पोचले किती?

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या महाविद्यालयात मी निवृत्तीपर्यंत संख्याशास्त्र शिकवले. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाचे आकडे भरण्याचे कामही नोडल अधिकारी म्हणून माझ्याकडेच असे. त्यामुळे या सदराला येणाऱ्या पत्रांत ‘टक्केवारी’ हा शब्द दिसला की ते पत्र मी आधी उघडते. या वेळी तशी चार पत्रे आहेत.

वाशीमहून एक निवृत्त मुख्याध्यापक लिहितात: ‘मॅडम, महाराष्ट्राचे उच्च शिक्षणातले नोंदणी प्रमाण ३५.३ टक्के आणि देशाचे २८.४ टक्के, असे वर्तमानपत्रात वाचले. आपण पुढे आहोत याचा आनंद झाला. पण आमच्या गावाजवळच्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाचे वर्ग ओस असतात. बारावीला मात्र नव्वद टक्क्यांवर मुले पास होतात. मग खरे काय मानायचे?’

गुरुजी, दोन्ही खरे आहे. तुम्ही वाचलेला आकडा २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणातला आहे. त्या वर्षी देशात ४.३३ कोटी विद्यार्थी उच्च शिक्षणात होते आणि महाराष्ट्रात सुमारे ४५.८ लाख, म्हणजे उत्तर प्रदेशाखालोखाल. हे सर्वेक्षण २०१०-११ पासून चालू आहे आणि ते महाविद्यालयांनी स्वतः भरलेल्या माहितीवर उभे आहे. ते फार मोलाचे आहे. त्याआधी इतकी सविस्तर नोंद नव्हती. म्हणून त्याच्यावर अविश्वास दाखवू नका. फक्त ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते तेवढे पाहा.

जीईआर, म्हणजे सकल नोंदणी प्रमाण, काढताना वरच्या बाजूला त्या वर्षी पटावर असलेले सगळे विद्यार्थी घेतात, वय काहीही असो. खाली घेतात ती १८ ते २३ वयाची लोकसंख्या. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून चाळिसाव्या वर्षी बीए करणारी अंगणवाडी सेविका वरच्या आकड्यात असते, खालच्या नसते. तिने शिकावे, आणि ती मोजलीही जावी. पण ‘शंभर तरुणांपैकी पस्तीस कॉलेजात’ असा त्या आकड्याचा अर्थ लावला की तिथेच गणित सरकते.

दुसरे म्हणजे, विद्यार्थी मोजला जातो तो महाविद्यालय जिथे आहे तिथे. घर कुठे आहे ते त्यात येत नाही. पुण्यात शिकणारा बिहारचा मुलगा महाराष्ट्राच्या खात्यावर पडतो आणि बंगळूरला शिकणारी सोलापूरची मुलगी कर्नाटकाच्या. याच सर्वेक्षणात चंडीगढचे प्रमाण ६४.८ टक्के दिसते. त्या एका शहरात पंजाब आणि हरयाणाची मुले शिकायला येतात, हे लक्षात घेतले की त्या आकड्याचे फारसे नवल वाटत नाही.

तिसरी अडचण खालच्या आकड्याची आहे. ती लोकसंख्या अंदाजाने काढलेली असते, कारण २०११ नंतर जनगणना झालेली नाही. हा अंदाज बदलला की टक्केवारी किती हलते, त्याचे उदाहरण देते. २०१९-२० या एकाच वर्षाचे देशाचे प्रमाण मूळ अहवालात २७.१ आहे. पुढे २०११ च्या जनगणनेवर आधारलेली लोकसंख्या घेतल्यावर तेच वर्ष २५.६ झाले. एकही विद्यार्थी घटलेला नव्हता. म्हणून दहा वर्षांची प्रगती दाखवणारा आलेख कुठे दिसला, तर त्यातली सगळी वर्षे एकाच जनगणनेवर बेतलेली आहेत का, हे आधी बघावे. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे दर वर्षी फळ्यावर करून दाखवत असे. आता २०२७ ची जनगणना झाली की हे आकडे पुन्हा एकदा हलतील, तेव्हा ‘राज्य मागे पडले’ किंवा ‘राज्याने झेप घेतली’ अशा बातम्यांनी कुणी गडबडून जाऊ नये.

आता तुमच्या ओस वर्गाकडे येते. बीडहून पुण्याला निघालेल्या एसटीत जामखेडच्या स्टँडवर डोकी मोजली, तर गाडी भरलेली आहे एवढे कळेल. बीडला चढलेल्यांपैकी पुण्यापर्यंत किती गेले, हे कळणार नाही. काही मध्ये उतरले असतील आणि त्यांच्या जागी दुसरे चढले असतील. पटसंख्या ही जामखेडची मोजणी आहे. प्रथम वर्षाला भरपूर प्रवेश होत राहिले की तिसरे वर्ष रिकामे असूनही एकूण पट वाढताच दिसतो.

बारावीचा निकाल तर याच्याही आधीचा थांबा. २०२५ साली राज्याचा निकाल ९१.८८ टक्के लागला. त्या मुलामुलींपैकी किती जण पुढच्या जुलैत कुठल्या तरी महाविद्यालयात, आयटीआयमध्ये, नर्सिंगला गेले, हे सांगायचे तर शाळेचा विद्यार्थी आणि महाविद्यालयाचा विद्यार्थी एकच माणूस आहे हे नोंदीत दिसायला हवे. शाळांची माहिती यूडायस या शालेय नोंद प्रणालीत, महाविद्यालयांची दुसरीकडे. प्रत्येक विद्यार्थ्याला ओळखणारा बारा आकडी ‘अपार’ क्रमांक आता शाळेपासून देत आहेत. तो नीट चालला तर ही दोन दप्तरे पहिल्यांदा जुळतील. मला त्याची फार आशा आहे. मात्र पालकांची संमती समजावून घेतलेली असावी. नुसती सही नको.

तमिळनाडूचे नोंदणी प्रमाण २०२१-२२ च्या त्याच सर्वेक्षणात ४७ टक्के होते. तिथे सरकारी शाळेत शिकलेली मुलगी पदवीला गेली की तिला महिना हजार रुपये देण्याची योजना २०२२ पासून आहे. पैसे दर महिन्याला जातात, म्हणून मुलगी अजून शिकते आहे का हेही पाहावे लागते. मदत आणि मोजणी एकत्र बांधण्याची ही रीत मला आपल्याकडे यावीशी वाटते.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका कला-वाणिज्य महाविद्यालयातले तरुण प्राध्यापक लिहितात: ‘यंदा मला नोडल अधिकारी केले आहे. केंद्राचे सर्वेक्षण, नॅक (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी संस्था), विद्यापीठ, समाजकल्याण, सगळ्यांना आकडे देतो. पण आमच्या प्रथम वर्षाला आलेल्यांपैकी पदवीपर्यंत किती पोचतात, असे प्राचार्यांनी विचारले तेव्हा एवढ्या फॉर्मांतून उत्तर मिळेना. ते कसे काढावे?’

सर, तुमचे पत्र वाचून मी लगेच लिहायला बसले. हा प्रश्न राज्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या प्राचार्यांनी विचारावा असा आहे, आणि त्याचे उत्तर मंत्रालयात नाही, तुमच्या कार्यालयातल्या प्रवेश रजिस्टरात आहे.

तुम्ही भरता ते फॉर्म त्या वर्षी पटावर किती आणि त्या वर्षी पास किती, एवढे विचारतात. २०२१-२२ मध्ये देशात १.०७ कोटी विद्यार्थी पदवी-पदविका घेऊन बाहेर पडले, आदल्या वर्षी ९५.४ लाख. आकडा वाढला ही चांगली गोष्ट आहे. पण हे विद्यार्थी ज्या ज्या वर्षी आत आले होते, त्या वर्षीचे त्यांचे किती सोबती मागे राहिले, ते त्यातून निघत नाही. ते काढायचे तर एका वर्षी प्रवेश घेतलेल्यांची एकच तुकडी धरायची आणि शेवटपर्यंत सोडायची नाही.

समजा २०२२ च्या जुलैत बीए प्रथम वर्षाला १०० जण आले. त्यातले ५० जण तिसऱ्या वर्षाच्या अंतिम परीक्षेला बसले आणि ४६ पास झाले. फाटकाबाहेर फलक लागेल, ‘निकाल ९२ टक्के’. तुकडीच्या हिशोबाने वेळेत पोचले ते ४६ टक्के. दोन्ही आकडे त्याच मुलांचे आहेत. पण उरलेल्या ५० जणांना फलकावर जागा नाही.

त्यांना जागा द्यायची म्हणून एक वेगळी वही करा, किंवा एक्सेलची शीट. प्रत्येकाची एक ओळ. सुरुवातीला पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), गाव, बारावी कुठून, बारावीची शाखा, येण्याजाण्याचे साधन, शिष्यवृत्ती. पुढे प्रत्येक सत्राला दोनच गोष्टी: परीक्षेचा फॉर्म भरला का, आणि विषय किती राहिले. ज्याने फॉर्म भरला नाही त्याला त्याच आठवड्यात फोन. सहा महिन्यांनी केलेला फोन लागत नाही. मुलांचे नंबर फार लवकर बदलतात, म्हणून प्रवेशाच्या वेळी आईचा किंवा मामाचा नंबर वेगळा घेऊन ठेवा. माझ्या अनुभवात मामाचा नंबर सगळ्यात जास्त टिकतो.

फोन केल्यावर जे कळते ते ‘गळती’ या एका रकान्यात कोंबू नका. आमच्याकडे दिवाळीनंतर हजेरी घेताना वर्गाच्या मधोमध जागा रिकाम्या दिसत. ती मुले आईवडिलांसोबत ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेली असत. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली, कोयत्याला माणूस कमी पडला की घरातला थोरला मुलगा जायचा. हंगाम साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, आणि पहिल्या सत्राची परीक्षा नेमकी त्यातच. त्या मुलाने शिक्षण सोडलेले नसते, त्याची परीक्षा हुकलेली असते. त्याला मे महिन्यात कुणी हाक मारली तर तो परत येतो. नाही मारली तर पुढच्या हंगामात तो स्वतः कोयत्यावर लागतो. एक मुलगी लग्न होऊन शेजारच्या जिल्ह्यात गेली आणि सासरच्यांनी तिला तिथे प्रवेश घेऊन दिला. आमच्या कागदावर ती गळती होती आणि तिकडे नवा प्रवेश; प्रत्यक्षात तिने एकही वर्ष वाया घालवले नव्हते. काही मुले पोलीस भरतीत लागली, काही जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेला गेली. आणि काहींनी सवलतीच्या पासासाठी आणि वसतिगृहासाठी नाव घातलेले, मन पहिल्यापासून स्पर्धा परीक्षेत. यातल्या प्रत्येकाला वेगळी मदत लागते. एका रकान्यात घातले की कुणालाच मिळत नाही.

म्हणून तुकडी संपली असे केव्हा म्हणायचे, तेही ठरवा. मी दोन मोजण्या सांगेन. पहिली तीन वर्षांनी, वेळेत पदवी मिळालेल्यांची. दुसरी पाच वर्षांनी, केटी (राहिलेले विषय) सोडवून, खंड पडून का होईना, पदवी मिळालेल्यांची. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने महाविद्यालयांना आपले पदवीचे प्रमाण जाहीर करावे लागते आणि ते दीडपट मुदतीत मोजतात, म्हणजे चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षे. तिथल्या आकड्यांशी आपली तुलना करायची नाही, पण ‘उशिरा आलेलाही आलाच’ हे तत्त्व घेण्यासारखे आहे. ग्रामीण भागात तर फारच. केटी लागलेली कितीतरी मुले आमच्याकडे चौथ्या-पाचव्या वर्षी पदवी घेऊन गेली आणि आज शिक्षक, ग्रामसेवक आहेत.

वरच्याच १०० जणांचे पुढचे उदाहरण घ्या. ४६ वेळेत, १४ उशिरा पण पाच वर्षांच्या आत, १२ दुसऱ्या महाविद्यालयात शिकते, ९ दुसऱ्या प्रशिक्षणात किंवा भरतीत, ११ जणांचे शिक्षण थांबले आणि ८ जण सापडले नाहीत. हे ‘सापडले नाहीत’ मात्र कधीही दुसऱ्या रकान्यात ढकलू नका. वरून कुणी म्हणेल, ‘यांना दुसरीकडे शिकते दाखवा, नॅकला बरे दिसेल.’ नका दाखवू. ज्या वर्षी ही संख्या कमी होईल त्या वर्षी तुमचे काम सुधारले.

तुमच्या वहीसारखी एक गोष्ट केंद्राकडे आहे, हेही सांगते. २०१६ पासून उच्च शिक्षण संस्थांची एनआयआरएफ ही राष्ट्रीय क्रमवारी निघते. तिच्यात भाग घेणारी संस्था अमुक वर्षी किती जणांना प्रवेश दिला, त्यातले ठरल्या मुदतीत किती पदवीधर झाले, किती नोकरीला लागले, किती पुढे शिकायला गेले आणि पगाराचा मध्यक (ओळीने लावल्यावर बरोबर मधला आकडा) किती, हे त्या त्या तुकडीप्रमाणे भरते. ती माहिती संकेतस्थळावर कुणालाही वाचता येते. पालकांनी जाहिरातीऐवजी ते पान उघडावे. पण तालुक्याची बहुतेक महाविद्यालये या क्रमवारीत उतरत नाहीत, आणि जिथे मुले सगळ्यात जास्त निसटतात ती हीच. शासनाने क्रमवारी बाजूला ठेवून फक्त हा तुकडीचा तक्ता प्रत्येक अनुदानित महाविद्यालयाकडून मागितला, तरी राज्याचे खरे चित्र दोन-तीन वर्षांत उभे राहील. त्याला नवा खर्च नाही. पीआरएन विद्यापीठाकडे आहेत, निकाल विद्यापीठाकडे आहेत. जोडायचे कोणी, एवढेच ठरायचे आहे.

वही पहिल्या वर्षी एकाच वर्गाची करा, सगळ्या महाविद्यालयाची नको. आणि आकडे हाती आले की ते प्राचार्यांच्या टेबलावर पडू देऊ नका. कुठल्या गावाच्या मुली दुसऱ्या वर्षी थांबतात ते दिसले, तर त्या गावाला जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते ते बघा. आमच्याकडे एका वाटेवरच्या मुलींचे प्रात्यक्षिक दुपारी लवकर ठेवले, आणि त्या मुली टिकल्या.

लातूर जिल्ह्यातून एक विद्यार्थिनी लिहिते: ‘मी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. वडिलांना अर्धांगवायू झाला, त्यामुळे तिसऱ्या सत्राची परीक्षा देता आली नाही. घरचे म्हणतात, आता राहू दे. पहिल्या वर्षाचे सगळे विषय निघाले आहेत. ते वाया जातील का? टीसी काढू का?’

टीसी आत्ता काढू नकोस. ही पहिली गोष्ट. नाव पटावर असेपर्यंत राहिलेले विषय पुन्हा देण्याची वाट उघडी असते. टीसी काढली की परत येताना प्रवेशापासून सगळे नव्याने करावे लागेल, आणि घरी आजारपण असताना ते कुणाकडून होत नाही.

पहिले वर्ष वाया जात नाही. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे तुझे श्रेयांक (क्रेडिट्स) अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा व्हायला हवेत. डिजिलॉकर उघड आणि पहिल्या दोन सत्रांचे श्रेयांक तिथे दिसतात का ते बघ. दिसत नसतील तर परीक्षा विभागाकडे लेखी अर्ज दे आणि त्याची पोच घे. हे श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात. पहिल्या वर्षानंतर थांबायचेच ठरले, तर ४० श्रेयांकांवर उन्हाळ्यातला चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम करून प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या आत परत येण्याची आणि सात वर्षांत पदवी पुरी करण्याची मुभा आहे. विद्यापीठाचे स्वतःचे नियम त्यावर असतात, म्हणून हेही लेखी विचार.

पण मला वाटते तुला एवढे लांब जावे लागू नये. प्राचार्यांना भेट, एकटी जाऊ नकोस, मामा किंवा काकांना ने. वडिलांची रुग्णालयाची कागदपत्रे दाखव. तिसऱ्या सत्राचे विषय एटीकेटीने पुढे नेऊन चौथ्या सत्राला बसता येते का, ते विचार. ‘कमवा आणि शिका’ योजनेत जागा आहे का, तेही विचार, आणि महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावरचा शिष्यवृत्तीचा नूतनीकरण अर्ज मुदतीत भर, कारण तो चुकला की पुढच्या हप्त्याला अडचण येते. काय झाले ते मला नक्की कळव. तुझे पत्र मी बाजूला काढून ठेवले आहे.

सातारा जिल्ह्यातून एक शेतकरी पिता लिहितात: ‘माझी मुलगी २०२५ साली इंजिनिअर झाली. शेवटच्या वर्षाची फी सरकारने पूर्ण माफ केली होती. आता ती बंगळूरला नोकरी करते. पारावर एक जण म्हणाला, महाराष्ट्राने पैसा घातला आणि फायदा कर्नाटकाला. मला वाईट वाटले. यात चूक आहे का?’

दादा, तुमची चूक नाही आणि मुलीची तर नाहीच. आधी तिचे मनापासून अभिनंदन करा, माझ्याकडूनही.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. त्याआधी निम्मे होते. तुमच्या मुलीला त्याचा एकच वर्ष लाभ झाला, पण तिच्यामागे येणाऱ्या मुलींना पूर्ण चार वर्षे होईल. या निर्णयाचे यश कशाने मोजायचे? मी तीन प्रश्न विचारीन. मुलींचे प्रवेश वाढले का, त्या मुली पदवीपर्यंत गेल्या का, आणि शिकलेले काम त्यांना मिळाले का. चौथा प्रश्न, त्या कुठे राहिल्या. तो महत्त्वाचा आहे, पण चौथाच आहे.

आणि तो विचारायचा तर दोन्ही बाजूंनी विचारावा लागतो. हिंजवडीत, चाकणला, मुंबईच्या बँकांत उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, केरळ, ओडिशा अशा किती राज्यांतून शिकून आलेली मुले काम करतात! त्यांच्या पदवीवर त्यांच्या राज्यांनी पैसा घातलेला आहे. पारावरच्या गृहस्थांचा हिशोब लावायचा तर आपणच मोठे देणेकरी निघू.

मला खरी काळजी आहे ती वेगळ्या रेषेची. परभणीचा पदवीधर चाकणला गेला की राज्याच्या हिशोबात तो ‘टिकला’. परभणीच्या हिशोबात तो गेला. गडचिरोली, नंदुरबार, हिंगोली इथून शिकलेली मुले पुण्या-मुंबईला जातात आणि राज्याची बेरीज जशीच्या तशी राहते. म्हणून पदवीधर टिकवण्याचे मोजमाप जिल्ह्यानुसार व्हावे, असे मी नेहमी म्हणते. २०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झाले, १९९४ ला नांदेडचे झाले. शिकायला घर सोडून लांब जावे लागू नये हा हेतू होता, आणि तो खूपसा सफल झाला आहे. पण शिकून झाल्यावर त्याच जिल्ह्यात काम आहे का, याचा शोध त्या वेगाने झाला नाही.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस होणाऱ्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. तिथे शासन एकेका पदवीधराचा हिशोब ठेवते, तो कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे हेही कागदावर असते. दुर्गम भागातल्या रुग्णाला त्याचा आधार आहे, म्हणून मी त्या अटीच्या बाजूची आहे. पण इंजिनिअर, शास्त्रज्ञ, शिक्षक यांना असे बांधून ठेवता येणार नाही आणि ठेवूही नये. त्यांना राहावेसे वाटेल असे काम गावाजवळ तयार करणे एवढाच उपाय आहे, आणि तो उपाय लागू पडतो का हे कळायला ती कुठे गेली याची माहिती हवी.

केरळ हे १९९८ पासून करत आला आहे. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजने घरोघर जाऊन स्थलांतराची पाहणी सुरू केली, ती दर काही वर्षांनी होते. परदेशी गेलेल्यांत विद्यार्थी किती, हेही त्यात विचारतात. २०१८ च्या पाहणीत ते सुमारे १ लाख ३० हजार होते, २०२३ च्या पाहणीत अडीच लाखांच्या घरात गेले. हा आकडा हाती आल्यावर तिथे मुले पदवीच्या आधीच का जातात, यावर जोरदार चर्चा झाली. आपल्याकडे अशी चर्चा ऐकीव गोष्टींवर होते. अमेरिकेत जनगणना खाते महाविद्यालयांच्या पदवीच्या नोंदी वेतनाच्या नोंदींशी जुळवते आणि पदवीनंतर एक, पाच आणि दहा वर्षांनी पदवीधर कुठे आहेत, किती कमावतात, हे नावे न सांगता प्रसिद्ध करते. आपल्याकडे विद्यापीठाचा पीआरएन आहे, भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन (खातेदाराचा क्रमांक) आहे, पण दोघांची एकमेकांशी ओळख नाही. ती करून द्यायची तर माणसाची माहिती उघडी पडणार नाही, फक्त बेरजा बाहेर येतील, अशी कडक व्यवस्था लागेल. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याचेही भान ठेवावे लागेल.

तोवर एक गोष्ट तुमच्या घरातून होऊ शकते. मुलीच्या महाविद्यालयाकडून माजी विद्यार्थ्यांचा फॉर्म येतो, तो बहुतेक मुले न भरताच सोडतात. तिला तो भरायला सांगा. नोकरी कुठे हे तर लिहायचेच, पण मूळ गाव आणि जिल्हाही लिहायचा, आणि शेवटच्या मोकळ्या जागेत हेही लिहायचे की साताऱ्यात किंवा कराडला तसेच काम मिळाले असते तर ती थांबली असती का.